डावी सुटी, उजवी पक्की

तुम्ही चालायला कधी शिकलात, आठवतं का तुम्हाला? नाही ना? कुणालाच आठवत नाही. ज्यांना आठवतं ती माणसं दुसऱ्यांदा शिकलेली असतात, आणि त्यांतली बरीचशी माझ्याकडे शिकलेली आहेत.

मी चालायच्या दांड्यांची जोडी बोलतेय. जोडी म्हटलं तरी मी स्वतःला एकच समजते. तुम्हाला दोन हात आहेत म्हणून तुम्ही काही स्वतःला 'आम्ही' म्हणत नाही, तसंच माझं. एक उजवी दांडी, एक डावी, दोन्ही कमरेच्या उंचीच्या, आणि मधे माणूस चालेल एवढी वाट. पाय ऐकेनासे झाले की दोन्ही हातांनी मला धरायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. मग वळायचं आणि परत यायचं. एवढंच माझं काम.

मला बनवलं आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या वेल्डरने. पुलाचा जुना कठडा काढला तेव्हाचे पाइप त्याच्या दुकानामागे पडून होते. त्याचे वडील शिडीवरून पडले, पाय प्लास्टरमधून बाहेर आला तो काठीसारखा. तेव्हा त्याने हे पाइप कापले, घासून गुळगुळीत केले, आणि नगरपरिषदेच्या सभागृहात कोपरा मागून घेऊन मला तिथे उभं केलं. वडील बरे झाले. पण तोवर बाकीची माणसं यायला लागली होती, म्हणून मी तिथेच राहिले.

वेल्डरने एक शहाणपण केलं होतं. उजवी दांडी त्याने जमिनीत खोल पक्की बसवली. डावी मात्र एका जाड लोखंडी पट्टीवर उभी केली. कुणी कितीही भार टाकला तरी ती डगमगायची नाही, पण दोघांनी दोन टोकांना धरलं की आत-बाहेर सरकायची. कुणीतरी विचारलं, "ही का नाही रे ठोकलीस?" तर म्हणाला, "माणसं काय एका मापाची असतात का?"

खरंच नसतात. गुडघा मोडलेला पाववाला यायचा, त्याच्यासाठी डावी पार भिंतीपर्यंत न्यावी लागायची. तो बरा होऊन गेला, अजून रस्त्यावरून जाताना खिडकीतून मला हात करतो. मी पण केला असता.

सगळ्यांत कमी रुंदी लागायची ती एका मुलीला. आठ-नऊ वर्षांची असेल. जन्मापासून पाय अधू, गुडघ्याखाली पट्ट्या बांधलेल्या. तिची आई इस्त्रीच्या दुकानात कामाला. ती दुपारच्या सुट्टीत लेकीला घेऊन यायची, माझ्या मधे लाकडी फळी टाकून तिची उंची वाढवायची, आणि कुणाला तरी दुसरं टोक धरायला लावून डावी अगदी उजवीजवळ आणायची. या मुलीचं नाव काही का असेना, सभागृहात सगळे तिला 'हाफ तिकीट' म्हणायचे. हे नाव ठेवलं कंडक्टरबाईंनी.

आता कंडक्टरबाईंबद्दल सांगते, कारण ही गोष्ट त्यांचीच आहे.

त्या आयुष्यभर बसमधे कंडक्टर होत्या. निवृत्त झाल्या, घरी बसल्या, आणि वर्ष व्हायच्या आत अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. डावा पाय ओढल्यासारखा यायचा आणि डाव्या हाताची बोटं मिटायची नाहीत. त्यांचे यजमान शिंपी. त्यांनी जाड कापडाचा रुंद पट्टा शिवला होता, तो बाईंच्या कमरेला बांधून ते मागून धरत. माझ्यापाशी आले की आधी ते बाईंची डावी बोटं एकेक करून माझ्या डाव्या दांडीभोवती वळवायचे, जणू सुईत दोरा ओवताहेत. मग बाई आपल्या डाव्या पायाला दरडावायच्या.

"पुढे सरका! पुढे जागा आहे! दारात उभं राहू नका!"

पहिल्या दिवशी पाय सरकला नाही. बाई म्हणाल्या, "अहो, बहिरा पॅसेंजर दिसतोय."

पण हळूहळू तो सरकायला लागला. डॉक्टरांनी शिंपीकाकांना बजावलं होतं, जे काही परत यायचं ते या पहिल्या काही महिन्यांतच येईल, पाय रोज चालला पाहिजे, एकदा आखडला की आखडला. बाईंना काही फार मोठं नको होतं. एकदा टोकाला टेकून दम घेताना त्या हाफ तिकीटच्या आईला म्हणाल्या, "मला ना, न्हाणीघरात एकटीने जायचंय. बस्स. हे मला उचलून नेतात, यांची कंबर गेलीय, आणि वर म्हणतात, काही नाही गं, कापसासारखी आहेस. मी कापूस? अख्खी बस माझ्या आवाजाने थांबायची."

दुपारी दोघींची गाठ पडायची. हाफ तिकीट बाकावर पट्ट्या घट्ट करत बसलेली असायची.

"आजी, तुम्ही इतक्या हळू का चालता?"

"गाडी भरलीये गं."

"कुठे? मधे तर तुम्ही एकट्याच आहात."

"तुला दिसत नाहीत. सगळे उभे आहेत माझ्या पुढे. वाट काढत यावं लागतं."

"मग घंटी मारा!"

आणि बाई तोंडाने घंटी मारायच्या, आणि पोरगी खदखदा हसायची. डाव्या हाताची पकड रोज जराशी वाढत होती. हे डॉक्टरांच्या आधी मला कळलं, कारण धरलेलं मलाच होतं.

आणि मग हद्द बदलली.

आमचा रस्ता वरच्या परिषदेकडे होता. वरची म्हणजे टेकडीकडची, खालची म्हणजे नदीकडची. कुठेतरी लांब नकाशावर कुणीतरी नवी रेघ ओढली, आणि आमचा रस्ता, सभागृह, मागचं मैदान, नळ, सगळं खालच्या परिषदेकडे द्यायचं ठरलं. यात वाईट काही नव्हतं. दोन्हीकडे माणसंच असतात. आम्हाला वाटलं, फाटकावरची पाटी बदलेल, झालं.

पण त्या आधी एका इमारतीच्या हस्तांतरात म्हणे मधल्या मधे खुर्च्या गायब झाल्या होत्या. तेव्हापासून दोन्ही परिषदांनी रीत पाडली होती. ताबा पुरता दिला-घेतला जाईपर्यंत दाराला दोन कुलपं. एक यांचं, एक त्यांचं. दोन्हीकडचा माणूस हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही.

वरच्या परिषदेचे साहेब आले, खालच्या परिषदेच्या मॅडम आल्या. साहेब वयस्कर, नेमस्त, बोलण्याआधी घसा साफ करणारे. मॅडम तरुण, चष्मा सारखा काढून पुसणाऱ्या. वाटणीचा नियम सोपा होता. इमारतीला जोडलेलं जे असेल ते इमारतीबरोबर खालच्या परिषदेला. सुटं जे असेल ते वरच्या परिषदेच्या गोदामात परत. आणि जोडलेलं की सुटं हे ओळखायची साहेबांची एकच पद्धत. ते प्रत्येक वस्तू धरून हलवून बघायचे.

"हललं. आमचं." बाक गेला.

"नाही हललं. तुमचं." नळ राहिला.

पंख्यापाशी दोघं बराच वेळ मान वर करून उभे होते. मॅडम म्हणाल्या, "फिरतो, पण हलत नाही ना?" मग पंखा राहिला. आरसा भिंतीवरून निघाला, म्हणून तो साहेबांचा झाला. ज्या खिळ्यावर तो होता तो खिळा मॅडमचा.

मला हसू येत होतं, माझ्यापाशी येईपर्यंत.

साहेबांनी उजवी धरून हलवली. "तुमची." मग डावी. एका टोकाला स्वतः, दुसऱ्या टोकाला शिपाई. डावी अलगद उचलली गेली. साहेब घसा साफ करून म्हणाले, "ही आमची."

मॅडमनी चष्मा काढला. "अहो पण ही जोडी आहे. एकीचा उपयोग काय?"

"उपयोगाचं आपण बघत नाही आहोत, मॅडम. मालकीचं बघतोय."

"मग ती दुसरीसुद्धा तुम्हीच न्या."

"उजवी नेता येत नाही, ती पक्की आहे. आणि डावी सोडता येत नाही, ती सुटी आहे. मी काय करू?"

दोघांचंही म्हणणं नियमाला धरून होतं. त्यामुळे प्रश्न वरिष्ठांकडे गेला आणि दार बंद झालं. खट्ट, एक कुलूप. खट्ट, दुसरं.

मी आयुष्यभर लोकांना अडकण्यातून सोडवलं होतं. स्वतः अडकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. अंधार झाला म्हणत नाही मी, खिडक्या होत्या, ऊन यायचं, जमिनीवरून सरकत जायचं. पण त्या उन्हातून कुणी चालत यायचं नाही. बाक, आरसा, खुर्च्या एका बाजूला रचून ठेवलेल्या होत्या, जाण्याच्या तयारीत. मी मधोमध. अर्धी जाणारी, अर्धी राहणारी. माझ्या पाइपांवर जिथे सतत हात फिरायचे तिथे धूळ बसायला लागली. हात फिरत असतात तेव्हा लोखंड कोमट असतं. ते गार पडत गेलेलं मला जाणवत होतं. आणि सगळ्यांत लागायचं ते हे, की दार माझ्यामुळेच बंद होतं. बाकी सगळ्या वस्तूंचा निकाल लागला होता.

कंडक्टरबाई पहिल्या दिवशी दारापर्यंत आल्या, कुलपं बघून परत गेल्या. नंतर शिंपीकाका चाकाच्या खुर्चीवरून त्यांना खिडकीपाशी आणायचे.

"घरी दोन खुर्च्या ठेवून करते मी," त्या इस्त्रीवालीला सांगत होत्या. "परवा खुर्ची सरकली. मी खाली, खुर्ची माझ्यावर."

"लागलं का हो?"

"मला नाही. खुर्चीचा पाय गेला." त्या हसल्या, पण शिंपीकाका हसले नाहीत. ते म्हणाले, "टाच टेकत नाही गं आता तिची. आखडायला लागलाय."

त्या दिवशी बाईंनी घंटीही मारली नाही.

हाफ तिकीट काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होती. "आजी, ते कुणाचं आहे?"

"तेच तर ठरत नाहीये, बाळा."

एक गोष्ट मात्र बाईंच्या लक्षात आली. आतल्या वस्तू जागेवर आहेत ना हे बघायला साहेब आणि मॅडम दर मंगळवारी यायचे. दोन्ही कुलपं निघायची, दोघं आत एक चक्कर मारायचे, कुलपं परत लागायची. पुढच्या मंगळवारी दार उघडलं, साहेब आत शिरले, आणि त्यांच्या मागोमाग चाकाची खुर्ची.

"बाई, बाई, आत यायला परवानगी नाही!"

"मी काही नेत नाहीये, साहेब. तुम्ही मोजा तुमचं. मी माझं चालते."

शिंपीकाकांनी बोटं वळवायला घेतली. त्या हाताची पकड पार गेली होती. मला ओळखू येईना. पण उजवा हात तोच होता, करकचून. पाय उचलेना. बाई पुटपुटल्या, "सरका... पुढे सरका..." तो सरकला, टाच न टेकता. अर्ध्यावर जाऊन त्या थांबल्या, घामाने डबडबलेल्या. साहेब दारात कुलूप हातात धरून उभे. आत माणूस असताना कुलूप लावता येत नाही, हाही नियमच होता. बाईंना तो आधीच ठाऊक असावा, कारण परत यायला त्यांनी भरपूर वेळ लावला.

"मॅडम, तुम्ही तरी काही बोला," साहेब म्हणाले.

मॅडम चष्मा पुसत होत्या. "मला काही दिसत नाहीये."

असे काही मंगळवार गेले. आठवड्यातून एकदा चालून पाय सुधारत नाही, फक्त अजून वाईट व्हायचा थांबतो. तरी मी त्या मंगळवारांची वाट बघायचे.

मग वरिष्ठांकडून निर्णय आला. नियमाप्रमाणे करा. पक्कं इकडे, सुटं तिकडे. त्या मंगळवारी साहेबांच्या मागे टेम्पो होता. खुर्च्या गेल्या, बाक गेला, आरसा गेला. हमाल माझ्यापाशी आले तेव्हा कंडक्टरबाई माझ्या मधोमध होत्या.

"बाई, बाहेर या," साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. उलट खालीच होता. "आज ही न्यायची आहे."

"कुठली?"

"डावी. उजवी इथेच राहील तुम्हाला. एकीला धरून चाला की."

बाईंनी उजव्या दांडीवरचा आपला धड हात बघितला. मग डावीवरचा, शिंपीकाकांनी वळवून ठेवलेला.

"एकीला धरून जाईन मी, साहेब," त्या म्हणाल्या. "धड हात आहे या बाजूला. पण टोकाला जाऊन वळले की ही दांडी कुठे येईल? माझ्या या मेल्या हाताकडे. मग मी परत कशी येऊ?"

साहेबांनी खरंच वळून बघितलं. एकदा या टोकाकडून, मग उलटं फिरून त्या टोकाकडून, स्वतःचा उजवा हात पुढे धरून. हमाल एकमेकांकडे बघायला लागले.

"ती जमिनीला बसलेली असती तर प्रश्नच नव्हता," मॅडम हळूच म्हणाल्या.

"मग बसवा की," बाई म्हणाल्या.

साहेबांनी घसा साफ केला. पुन्हा केला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ताबा उद्या सकाळी द्यायचा आहे. उद्या सकाळी मी शेवटचं हलवून बघेन. हलली तर टेम्पो परत बोलावेन. नाही हलली तर नाही हलली."

शिंपीकाका कंबर धरून कोपऱ्यावर पळाले. इतके भरभर चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

वेल्डर आला. म्हातारा झाला होता तोही. हातोडा, छिन्नी, सिमेंटची पाटी घेऊन गुडघ्यावर बसला, माझ्या डाव्या दांडीवर हात ठेवला आणि सगळ्यांवर करवादला. "मुद्दाम सुटी ठेवली होती मी हिला. आता ठोकायला सांगताय. ठोकतो. पण एकदा सिमेंट धरलं की ही सरकायची नाही. रुंदी किती ठेवू? कुणाच्या मापाची?"

हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दुपारची सुट्टी होती, इस्त्रीवाली लेकीला घेऊन दारात उभी होती. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "बाईंच्या मापाची ठेवा. यांचं जास्त गरजेचं आहे. हिचं बघू."

मोठ्या मापात हाफ तिकीटचे हात दोन्हीकडे पोचले नसते. तिला ते समजलं होतं. ती पायाच्या पट्टीशी चाळा करत खाली बघत होती.

बाई चाकाच्या खुर्चीत होत्या. त्यांना स्वतःचा पाय हवा होता, न्हाणीघर हवं होतं, नवऱ्याची कंबर वाचवायची होती. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण त्यांच्या तळव्यातून ते माझ्यात उतरलेलं होतं. त्यांनी पोरीच्या पायांकडे बघितलं. मग त्यांचा जुना, बस थांबवणारा आवाज आला.

"पोरीच्या मापाची ठेव रे."

"अगं, तू मावशील का त्यात?" शिंपीकाका म्हणाले.

"अहो, सारा जन्म भरल्या गाडीत अंग चोरून वाट काढण्यात गेला माझा. पिशवी पोटाशी, खांदा पुढे, असं तिरकं तिरकं. हिला मोठ्या मापात हात पुरणार नाहीत. मला लहान मापात थोडं आडवं व्हावं लागेल, एवढंच."

"आजी, फिट बसेल तुम्हाला!" हाफ तिकीट ओरडली.

"बसू दे. भरल्या गाडीत सगळं फिटच बसतं."

वेल्डरने दुसरं टोक इस्त्रीवालीला धरायला लावून डावी उजवीजवळ आणली. जमीन फोडली, पट्टी आत घेतली, सिमेंट ओतलं. साहेब तोवर पायरीवर कुलूप मांडीवर घेऊन बसून होते. संध्याकाळी वेल्डरने ओल्या फडक्याने मला पुसलं, बऱ्याच दिवसांची धूळ निघाली. "सकाळपर्यंत हात लावू नका हिला," तो म्हणाला, आणि जाताना माझ्याशीच बोलल्यासारखं पुटपुटला, "माफ कर बाई."

दोन्ही कुलपं शेवटची लागली. आत सिमेंट आवळत गेलं. माझ्या डावीला आता कळून चुकलं होतं की ती कधीच सरकणार नाही. पाववाल्यासारखा कुणी आला तर मी त्याला जागा देऊ शकणार नाही. हे दुःख माझं आहे आणि ते मी लपवत नाही. वाचले, पण बांधली गेले. दोन्ही खरं आहे.

तुमच्याकडेही कधीतरी अशी जागा एका हातातून दुसऱ्या हातात जाईल. मैदान असेल, वाचनालय असेल, नळ असेल. द्या, घ्या, नियम पाळा, सगळं नीट हलवून बघा. फक्त कुलूप लावण्याआधी एकदा बघा, आत मधोमध कुणी चालत तर नाहीये ना. आणि पुढे कधी एखादा शहाणा वेल्डर भेटला, तर त्याला माझ्याकडे पाठवा. माझी डावी सोडवून घ्यायची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी एका टोकाला आणि शिपायाने दुसऱ्या टोकाला धरून मला हलवलं आणि मी हलले नाही. त्यांनी आपलं कुलूप काढून खिशात टाकलं, आधी हाफ तिकीट चालली, आणि तिच्यामागून कंडक्टरबाई खांदा पुढे करून तिरक्या तिरक्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या आणि परत आल्या.